वाड्यातल्या शस्त्रांचं दालन मांडतेय : पेट्या, मखमल आणि ‘शिवकालीन’ पाटीबद्दल मदत हवी

सुतारकाम_सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तोडून विचारला तर उत्तरंही तुटक येतील, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

सांगलीत गावभागात आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यापासून मी आणि धाकटा भाऊ चालवतो. सराफी पेढ्या, साड्यांची दुकानं, बँकांचे काउंटर अशी आमची कामं. वस्तुसंग्रहालयाचं काम पहिल्यांदाच आलंय. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थानी घराण्याने वाड्यातली एक लांबट खोली घराण्याच्या शस्त्रांसाठी रिकामी केली आहे, 42 फूट बाय 16. नोंदवहीत 64 वस्तू आहेत. तलवारी 23, त्यात चार फिरंगी (युरोपी पात्याच्या) आणि दोन धोप (लांब, सरळ पात्याच्या). पट्टे, म्हणजे हातावर चढणाऱ्या लोखंडी मोज्याच्या लांब तलवारी, तीन, कट्यारी 11, पाच ढाली, त्यातल्या दोन गेंड्याच्या कातड्याच्या. बाकी बिचवे (वाकड्या पात्याचे छोटे खंजीर), गुर्ज (लोखंडी गदा), भाल्यांची पाती, ठासणीच्या बंदुका. आणि कड्यांचं एक पूर्ण चिलखत, त्यावरच्या झिलमटोपासकट, म्हणजे कड्यांची झालर असलेल्या शिरस्त्राणासकट.

पहिल्या दिवशी वाड्यातल्या कारभारीकाकांनी एक पट्टा टेबलावर ठेवला. मी खोबळ्यात, म्हणजे हात घालायच्या लोखंडी मोज्यात, डोकावून बघितलं. आतली आडवी लोखंडी दांडी एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती. आमच्या वडिलांच्या रंध्याची मूठ अशीच आहे. त्यांचा अंगठा जिथे बसायचा तिथे लाकूड खोलगट झालंय, आणि माझा अंगठा त्या खळग्यात नीट बसत नाही. तो पट्टा बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे. ही हत्यारं रोज कुणाच्या तरी हातात होती, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

समितीचं म्हणणं वेगळं आहे. समोरच्या भिंतीवर मध्ये एक ढाल आणि तिच्याभोवती सगळ्या तलवारी सूर्याच्या किरणांसारख्या. बाकीच्या पेट्यांत लाल मखमल, वरून पिवळे फोकस. आणि प्रत्येक पाटीवर ‘शिवकालीन’.

आता जुन्या पेट्यांबद्दल. सध्या या वस्तू तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सागवानी कपाटांत आहेत. आत लाल बनातीचं अस्तर, आणि तलवारी तंगुसाने टांगलेल्या. पाच कट्यारींवर बनात टेकली होती नेमकी तिथेच तांबूस ठिपके आहेत. एका म्यानाची चांदी काळीठिक्कर पडलीय. दोन ठिकाणी तंगूस ताणून तलवार खाली टेकलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलं होतं, त्यामुळे गंज म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पण कपाटं वरच्या मजल्यावर, कोरड्या खोलीत, पाणी कधी आलं नाही, तरी गंज का?

तर विचारायचंय ते असं. पेटी कशाची करू? सूर्य करू का नको? चिलखत कशावर घालू? आणि ‘शिवकालीन’ला नाही कसं म्हणू? पहिलं मोठं काम आहे, पैशाची गरजही आहे, पण चुकीचं करून त्या वस्तूंचं नुकसान केलं तर मला झोप लागणार नाही.

आखाडा_माहुली

ताई, तुम्ही खोबळ्यात डोकावलात हे वाचूनच बरं वाटलं. मी पोरांना मर्दानी खेळ शिकवतो, बावीस वर्षं झाली.

पट्टा भिंतीवर आडवा ठोकला की लोकांना ती विचित्र तलवार वाटते. हात कुठे जातो हेच कळत नाही. खोबळ्यात कोपराच्या जवळपास पर्यंत हात जातो, मूठ पात्याला आडवी असते, आणि मनगट बांधल्यासारखं होतं. मनगट वळत नाही म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पातं लांब आणि लवचीक, साडेतीन-चार फूट. म्हणून पट्टेकरी गोल फिरतो, ती काही शोभा नाही. पट्टा तिरपा, पुढे झेपावल्यासारखा मांडा आणि खोबळ्याचं तोंड बघणाऱ्याकडे थोडं वळवा. तुम्ही डोकावलात तसं त्यांनाही डोकावता येऊ द्या.

तलवारीच्या मुठीबद्दल एक सांगतो. आखाड्यात नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो, "मूठ लहान आहे, जुने लोक बुटके होते का?" तसं नाही. मुठीच्या शेवटची ती वाटीसारखी चकती मनगटाला अडवते आणि हात घट्ट अडकून राहतो. मूठ सैल असती तर ओढून कापण्याचा वार नीट बसला नसता. हे एका चित्रात दाखवता येईल, चार ओळींची पाटी लागणार नाही.

दुसरं, वजन. येणारा प्रत्येक माणूस म्हणणार की तलवार चाळीस किलोची होती. वर्तमानपत्रातही छापून येतं. चांगली तलवार साधारण किलोभराची असते, थोडी इकडेतिकडे. चाळीस किलोचं पोतं एका हाताने फिरवून दाखवा म्हणावं. माझं मागणं एवढंच, की दाराशी एक धार नसलेली प्रतिकृती साखळीने बांधून ठेवा आणि लोकांना उचलू द्या. बाकी सगळं दालन त्या एका उचलण्याने समजतं. चिलखताची चार कडी पण गुंफून ठेवा, पोरांना हात लावायला.

बंदुकांचं मात्र आधी बघा. ठासणीची बंदूक कधीकधी भरलेलीच राहून गेलेली असते. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. रंजकाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे मागच्या टोकाशी बत्ती द्यायच्या भोकापर्यंत, पोहोचली नाही तर आत काहीतरी आहे. मग हात लावायचा नाही, जाणकाराला बोलवायचं. आणि पोलीस ठाण्यात सगळ्या यादीसकट लेखी कळवून ठेवा, घराण्याने कळवलं असलं तरी.

जतन_मिरज

मी धातूंच्या जतनाचं काम करतो, शिकलो मुंबईत. तुमच्या गंजाचं उत्तर देतो, कारण ते तुम्हाला सुतार म्हणून उपयोगी पडेल.

पाणी आलं नाही, पण हवा आली. लाकडातून सेंद्रिय आम्लांची वाफ कायम निघत असते. सागवान दिसायला भारदस्त, पण बंद पेटीत तेही ही वाफ सोडतं. प्लायवूड आणि एमडीएफ त्याहून वाईट, त्यांच्या चिकटद्रव्यामुळे. तुम्ही ज्या पांढऱ्या गमने सांधे जोडता, तो सुकतानाच नाही, नंतरही अॅसेटिक आम्ल सोडत राहतो. तुमची बनात म्हणजे लोकर, आणि लोकरीत गंधक असतं. चांदी काळी पडली ती त्यानेच. कट्यारींवर बनात टेकली तिथे ठिपके पडले, कारण तिथे कापड ओलावा धरून बसलं. त्या कपाटांनी तीस वर्षं हळूहळू या वस्तू खाल्ल्या आहेत.

म्हणून आत लाकूड नको. चौकट पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची, आतला तळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा. रंग पूर्ण भाजलेला हवा, ताजा रंग नको. रंगकामानंतर पेट्या महिनाभर उघड्या ठेवा. बाहेरून सागवान लावा, तुमच्या हातचं काम दिसू द्या, पण ते आतल्या हवेला लागता कामा नये. काच दोन थरांमध्ये फिल्म असलेली लॅमिनेटेड घ्या. नुसती टफन्ड फुटली की सगळी साबुदाण्यासारखी खाली येते आणि वस्तू उघडी पडते.

आता ओलावा. पावसाळ्यात साताऱ्याकडची हवा किती दमट होते हे तुम्हाला माहीत आहे. पोलादाला 40 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आर्द्रता हवी. पण कातडी म्यान, लाकडी मूठ, गेंड्याची ढाल एवढ्या कोरड्या हवेत तडकते, त्यांना 50 च्या जवळपास लागते. म्हणून एकाच पेटीत सगळं घालू नका. पोलादाची पेटी वेगळी, कातड्याची वेगळी. आणि तलवार म्यानात अजिबात ठेवायची नाही. म्यानाच्या आतलं कातडं आणि लाकूड पात्याला वर्षानुवर्षं चाटत असतं. शेजारी-शेजारी मांडा, दोन पेट्या लागून असल्या तरी बघणाऱ्याला जोडी कळते.

पोलादाच्या पेटीच्या तळाखाली एक खण करा, पुढून चावीने उघडणारा, वरच्या तळाला बारीक भोकं. त्या खणात सिलिका जेल, म्हणजे जेल बदलायला मुख्य पेटी उघडावी लागणार नाही. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते नको. रंग गेला की 120 अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये काही तास, परत वापरता येतं. प्रत्येक पेटीत एक छोटा आर्द्रतामापक, आकडा बाहेरून वाचता येईल असा.

तलवारीला तंगूस नको हे तुम्ही पाहिलंच. पितळेच्या सळईचे हूक वाकवा, ज्यांवर पातं टेकतं तिथे पारदर्शक पॉलिथिलीन नळी चढवा. वजन दोन ठिकाणी वाटलं गेलं पाहिजे, एक मुठीजवळ, एक टोकाच्या थोडं अलीकडे.

चिलखत हँगरवर घालू नका. सगळं वजन खांद्याच्या कड्यांवर येतं, रिव्हेट सुटतात आणि मग कडी कडीला ओढत जाते. पॉलिथिलीन फोमचे थर कापून अंगाचा घाट करा. खुर्च्यांत भरता तो पिवळा फोम नको, तो काही वर्षांनी भुगा होतो. वर धुतलेलं सुती कापड. तोंड, हात नकोत. पुतळ्याला मिशा लावल्या की लोक मिशाच बघतात.

शेवटी एक विनंती. चिंच, राख, रांगोळी, पितळ चमकवायचं पॉलिश, काहीही लावू देऊ नका. जुन्या पोलादाच्या काही पात्यांवर पाण्यासारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. आणि मुठीवरची कोफ्तगिरी म्हणजे लोखंडावर बारीक खरवडून त्यात ठोकून बसवलेली सोन्याची तार, ती फक्त पकडीवर टिकते. एकदा घासली की गेली. गंजाचे ठिपके मी येऊन बघतो, नाहीतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्राला विचारा.

सुतारकाम_सांगली

दादा, मी दुपारीच पांढऱ्या गमचा डबा बाजूला ठेवला. तीस वर्षं आम्ही सराफांच्या पेट्यांना तेच वापरतोय.

एक राहिलं होतं. खंडेनवमीला वाड्यात सगळ्या शस्त्रांची पूजा होते. हळद-कुंकू, फुलं, नारळाचं पाणी, सगळं पात्यांवर. कारभारीकाका पूजेनंतर ओल्या फडक्याने पुसतात आणि परत आत. पूजा बंद करा असं मी सांगणार नाही, माझ्या तोंडून ते निघणारच नाही. आमच्याकडे दसऱ्याला रंधा, करवत, पटाशी सगळ्याची पूजा होते. वडील गेले त्या वर्षीही आम्ही ती चुकवली नाही. पण हळदीच्या ओल्या बोटाने पात्याचं काय होत असेल?

आत्या_फलटण

बाळा, पूजा बंद कशाला करायची? देवळात रंगवलेली मूर्ती असली की तिच्यावर पाणी घालत नाहीत. समोर आरसा धरतात आणि आरशातल्या प्रतिबिंबावर अभिषेक करतात. आमच्या घरी सासऱ्यांनी देवीच्या जुन्या तसबिरीला हेच केलं. खंडेनवमीला पेट्या उघडूच नका. समोर चौरंगावर आरसा ठेवायचा, तलवार त्यात दिसली पाहिजे, आणि हळद-कुंकू आरशाला. घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना तुम्ही समजावू नका, त्यांच्या गुरुजींना विचारायला सांगा. ते हो म्हणाले की कुणी नाही म्हणणार नाही.

फारच आग्रह असेल तर एक तलवार पूजेची म्हणून वेगळी ठेवा, नवी असली तरी चालेल.

पोवईनाका

मी थोडं वेगळं बोलतो. सूर्य एवढा वाईट नाही. आमच्या लहानपणी जिथे जिथे संस्थानी दरबार बघितला तिथे भिंतीवर ढाल आणि भोवती तलवारी होत्याच. ती पद्धत इंग्रजांच्या काळात आली असेल, पण तीही आता शंभर वर्षांची जुनी आहे, या घराण्याचीच आहे. एका भिंतीवर सात-आठ तलवारींचा सूर्य ठेवा आणि खाली लिहा, ‘दरबारात शस्त्रं अशी लावत’. 23 ची रास मात्र नको, तिथे एकही तलवार दिसत नाही.

‘शिवकालीन’बद्दल मात्र मी ताईंच्या बाजूने आहे, आणि जोराने आहे. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा मी आईला घेऊन रांगेत उभा होतो. आई हात जोडून उभी राहिली. त्या संग्रहालयाने स्वतः सांगितलंय की ही नखं ग्रँट डफ साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट (प्रतिनिधी) असताना त्याला मिळाली असं सोबतच्या पेटीवर लिहिलंय, पण 1659 च्या प्रतापगडाच्या प्रसंगातली हीच, असं सिद्ध करता येत नाही. हे माहीत असूनही आईचे हात खाली आले नाहीत. लोकांना खरं सांगितलं तर श्रद्धा कमी होते ही भीती मला त्या दिवशी गेली.

आणि साताऱ्यात सगळंच शिवकालीन कसं असेल? शाहू महाराजांनी 1708 ला इथे राज्याभिषेक केला, त्यानंतर 1848 ला संस्थान खालसा होईपर्यंत तलवारी घडतच होत्या. उत्तर पेशवाईतली तलवार आहे म्हटल्याने तिचा अपमान होत नाही. तिचा धनी कुणीतरी पानिपतावरून परत आलेला असेल, तेही कमी नाही.

फिरंग्यांची पाती नीट बघा. फिरंग म्हणजेच युरोपी पात्याला आपली मूठ. धावणारा लांडगा किंवा पापण्यांसारख्या दोन चंद्रकोरी कोरलेल्या दिसतील. त्या युरोपी कारागिरांच्या खुणा, पण इथल्या लोहारांनीही त्यांची नक्कल करून ठोकल्या, म्हणून खूण दिसली की लगेच ‘जर्मन’ लिहू नका. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची फिरंग आणली, तिच्यावर सोन्याने देवनागरीत नाव आहे. परक्या पात्यावर आपलं नाव. तुमच्या चार फिरंग्यांत असं काही कोरलेलं असेल तर तेवढंच मोठं करून दाखवा.

सुतारकाम_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये दोनदा वाड्यावर जाऊन आले.

सूर्याचं पोवईनाका म्हणाले तसंच ठरलं. सात तलवारी, नोंदवहीत ज्यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही अशा, समोरच्या भिंतीवर. पण उघड्या नाही, त्यासाठी पाच इंच खोल काचपेटी करतेय. बाकी 16 वेगवेगळ्या उंचीवर, मूठ बघणाऱ्याकडे. एकाखाली एक रांगेत लावलं की रेल्वेचे रूळ दिसतात, म्हणून दोन-दोन, तीन-तीनच्या गटात, मध्ये भिंत मोकळी. शाळेतली पोरं येणार, त्यामुळे कट्यारींची पेटी खाली उतरवली. व्हीलचेअरवरच्या माणसालाही ती दिसेल.

ढालींचं मला स्वतःला सुचलं ते सांगते. सगळीकडे ढाल पुढूनच दिसते. चार फुल्या, म्हणजे धातूची उठावदार फुलं, आणि मधली नक्षी. पण फुल्या तिथे का आहेत हे मागे कळतं. त्यांच्याच टोकांना मागच्या कड्या अडकवलेल्या असतात, कड्यांना पट्टे, आणि मध्ये हाताच्या बोटांना लागू नये म्हणून चौकोनी गादी. आमच्या एका ढालीच्या गादीवर चार बोटांचे खळगे आहेत. म्हणून एक ढाल मी उलटी मांडतेय आणि तिच्यामागे आरसा लावतेय, म्हणजे पुढची नक्षी आरशात दिसेल. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना आधी ते अजिबात पटलं नाही, "उलटी ढाल म्हणजे पळालेल्याची ढाल" म्हणाले. मी त्यांना त्या गादीवर बोटं ठेवायला लावली, हातमोजा घालून. पुढे काही बोलले नाहीत.

मखमल रद्द. मी तीन रंगांच्या पट्ट्या रंगवून नेल्या होत्या, राखाडी, लाल, आणि वाळल्या गवतासारखा एक. सगळ्यांसमोर एकच तलवार तिन्हींवर धरली. लालवर पातं फिकं पडतं, नजर लालमध्येच अडकते. राखाडीवर पोलाद मिसळून जातं. गवती रंगावर जौहर पहिल्यांदाच सगळ्यांना दिसला, वरून फोकस मारल्यावर नाही, बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यावर. दिवे पेटीच्या बाहेर ठेवतेय, आत उष्णता नको. मखमली म्यानं आणि अंबारीचं एक कापड आहे, तिथे प्रकाश अगदी मंद, 50 लक्स. पोलादाला तेवढी भीती नाही.

पाट्यांवर शेवटी असं ठरलं, की नोंदवहीत किंवा पात्यावर पुरावा असेल तिथेच काळ लिहायचा. नसेल तिथे ‘घराण्याच्या सांगण्याप्रमाणे’ आणि मग घराणं जे सांगतं ते. एका धोपेबद्दल त्यांच्या घरात फार जुनी आठवण सांगतात, ती मी शब्दन् शब्द लिहून घेतली आहे, ती पाटीवर जाईल. ‘शिवकालीन’ एकाही पाटीवर नाही. मालकांनी ते ऐकून बराच वेळ नोंदवही चाळली आणि म्हणाले, "आजोबांनीही हा शब्द कुठे लिहिलेला नाही."

गुरुजींनी आरशाला होकार दिलाय. आत्या, तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी.

बंदुका काठीने मोजल्या. सहापैकी एकीत काठी साडेतीन इंच आधी थांबली. ती पोलिसांना कळवून वेगळी ठेवली आहे, जाणकार येईपर्यंत दालनात येणार नाही.

पहिली नमुना-पेटी वाड्यात नेऊन ठेवली आहे, आत एक गंजलेला जुना सुरा आणि आर्द्रतामापक, खाली दोन किलो जेल. आज सकाळी खोलीत 78, पेटीत 46. जतनदादा, 46 वरून खाली यायला मला काचेच्या सांध्यांना आणखी एक सिलिकॉनची पट्टी लागेल की जेल वाढवू? शनिवारी परत जातेय, त्याआधी सांगितलंत तर पट्टी मिरजेतूनच घेऊन जाईन.

जतन_मिरज

पट्टी आधी. हवा गळत असेल तर कितीही जेल घाला, आठ दिवसांत थकेल. खणाच्या दाराच्या चारही कडा बघा, बहुतेक तिथूनच जातेय. सिलिकॉन घेताना व्हिनेगरचा वास येणारं घेऊ नका, तेच आम्ल परत आत जाईल. दुकानदाराला ‘न्यूट्रल’ म्हणून सांगा. शनिवारी मीही येतो, त्या पाच कट्यारी बघायच्या आहेत.